आडनावाचा माग: आधी नोंद, मग गाव, अर्थ शेवटी

आडनावाचा शोध घेणारे बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आडनावाची फोड करायची, आजच्या मराठीत तिचा अर्थ लावायचा आणि त्या अर्थाला शोभेल असा एक पूर्वज उभा करायचा. या रीतीने पोतदार म्हणजे पोती सांभाळणारा ठरतो. मूळ शब्द मात्र फारसी ‘फोतादार’. नाणी पारखणारा, खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतदार. पोत्यांशी त्याचा संबंध नाही.

आडनाव सहसा घराण्याने स्वतः निवडलेले नसते. ते गावाने हाक मारून, दफ्तरातल्या कारकुनाने लिहून किंवा शाळेतल्या मास्तरांनी रजिस्टरात घालून चिकटवलेले असते. म्हणून त्याचा अर्थ काय हे पाहण्याआधी ते कोणी, कुठे आणि कधी लिहिले हे पाहावे लागते.

घरातून सुरुवात

एक वही घ्या आणि चार पिढ्यांपर्यंत प्रत्येकासाठी एक पान ठेवा. पानावर पूर्ण नाव, जन्मगाव आणि तालुका, शिक्षण झालेले गाव, शेतजमीन असलेले गाव, बायकांचे माहेरचे आडनाव आणि माहेरचे गाव एवढे लिहा. जमिनीचे गाव आणि राहते गाव वेगळे असेल तर त्यावर खूण करा. मूळ गाव बहुधा जमिनीचेच निघते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘आपलं आडनाव कुठून आलं?’ असे थेट विचारू नका. त्या प्रश्नाला ऐकीव गोष्ट मिळते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कुलदैवत नेमके कोणत्या गावचे? लग्नात देवक काय बसते? भावकीतली दुसरी घरे कोणते आडनाव लावतात? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी. एकाच आजोबांची दोन नातवंडे एका गावात जोशी आणि दुसऱ्या गावात कुलकर्णी असणे ही जुन्या मराठी मुलखातली अगदी साधी गोष्ट होती. ज्या भावाकडे वतन गेले, त्याच्या घराला वतनाचे नाव पडले.

मग घरातले कागद काढा: शाळा सोडल्याचे दाखले, जुनी खरेदीखते, लग्नपत्रिका, देव्हाऱ्यातल्या किंवा ट्रंकेतल्या वंशावळी. प्रत्येक कागदावर आडनाव जसे लिहिले आहे तसेच, शुद्धलेखन न सुधारता, उतरवून घ्या. सुधारलेत की पुरावा गेला.

इथेच पहिली अडचण येते. इंग्रजी लिपीतून परत देवनागरीत आलेल्या आडनावात त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांची सरमिसळ झालेली असते. अशी दोन अक्षरे असलेल्या आडनावाची चार रूपे होतात, तीन असतील तर आठ. सगळी रूपे कागदावर मांडा आणि पुढे प्रत्येक यादीत ती सगळी शोधा. नव्या ओळखपत्रांवर ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘पाणसे’चे ‘पानसे’ होते ते याच वाटेने.

सरकारी नोंदी, त्यातल्या खुणा आणि सनांचे गणित

सगळ्यांत सोपी आणि भरवशाची नोंद शाळेची. जुन्या शाळांचे जनरल रजिस्टर जपून ठेवलेले असते. त्यातल्या पानाचा ‘प्रवेश निर्गम उतारा’ मागता येतो. मुलाचे नाव, आडनाव, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा एका ओळीत मिळते. पण हीच नोंद आडनाव बदलणारीही असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव घातले गेले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. माग शाळेच्या रजिस्टरापाशी थांबवला तर सकपाळ हे नाव हाती लागत नाही. म्हणून शाळेच्या नोंदीच्या मागची एक पिढी तपासल्याशिवाय आडनाव ‘मूळचे’ मानू नका.

दुसरा थर महसुली कागदांचा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ असतो, म्हणजे गावचे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर. बोलण्यात याला कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बरेचदा नसते, बापाचे असते. तेव्हा बापाच्या नावाने शोधा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. वारस लागले, वाटणी झाली, जमीन विकली की इथे नोंद पडते. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात असलेले आकडे हे फेरफार क्रमांक असतात. सातबाऱ्यावरून फेरफार, त्या फेरफारावरून त्याच्या आधीचा फेरफार, असे मागे जात राहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत पोचू शकते. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच सुमाराचा अधिकार अभिलेख हाताशी धरा. त्यामागे मराठवाड्यात निजामकालीन उर्दू कागद लागतात.

अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर बऱ्याच जिल्हा प्रशासनांनी मोडी कागदांच्या प्रतीही आपापल्या संकेतस्थळांवर टाकल्या. दाखल्याचे काम नसले तरी गाव आणि आडनाव शोधायला त्या उपयोगी पडतात. कार्यालयात जाणार असाल तर अर्जात गाव, तालुका, नमुना क्रमांक आणि सालांचा पल्ला लिहा. ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज कपाटापर्यंत पोचत नाही. ‘गाव नमुना १४, मौजे अमुक, सन १९०५ ते १९२०’ असा पोचतो.

जुन्या कागदांत आडनाव मुळातच नसेल याची तयारी ठेवा. ‘रामजी बिन मालोजी’ म्हणजे मालोजीचा मुलगा रामजी. ‘वलद’चा अर्थही तोच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘जौजे’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘उर्फ’ आणि ‘उपनाम’ हे दोन शब्द दिसले की मात्र थांबा आणि पूर्ण ओळ उतरवा, कारण जुने आणि नवे आडनाव शेजारी शेजारी सापडते ते तिथेच.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, म्हणून वेलांटी-उकारावरून आडनावाची व्युत्पत्ती सिद्ध करू पाहणारा हमखास फसतो. लिप्यंतर करून घ्याल तेव्हा आडनाव असलेल्या ओळीचा फोटो स्वतःजवळ ठेवा आणि शंका आली तर तेवढी ओळ दुसऱ्या जाणकाराला दाखवा. पूर्ण कागद दुसऱ्यांदा वाचून घेण्याची गरज नसते.

सन बदलून घेताना घाई नको. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषानंतरच्या तिथीला ७९). दख्खनी फसलीत (महसुली सनात) ५९० मिळवा; फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असतो आणि तोही अरबी अंकशब्दांत: ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६३. त्यात ५९९ मिळवले की १७६२-६३. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, त्यामुळे नंतरच्या जानेवारीतला कागद पुढच्या इसवी सनात पडतो. फसली आकडा शक समजून ७८ मिळवला, तर निजामकाळातला खातेदार थेट पंधराव्या शतकात जाऊन बसतो.

‘-कर’ची गावे

मराठी आडनावांतला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत फसवा गट हा. आधी एक गोष्ट पक्की करा: गावात राहणाऱ्याला गावकरी त्याच गावाच्या नावाने हाक मारत नाहीत. चिपळूण सोडून दुसरीकडे गेलेला माणूस चिपळूणकर होतो. म्हणजे ‘-कर’ आडनाव पूर्वज कुठून निघाले ते सांगते, आणि त्याआधी त्यांचे दुसरे आडनाव असण्याची शक्यता मोठी असते. मूळ गावात जाऊन तेच आडनाव शोधले की रिकाम्या हाताने परतावे लागते ते यामुळे. तिथे तुमची भावकी भेटेल, पण वेगळ्या आडनावाने.

आडनावावरून गावाचे नाव परत काढताना शेवटच्या स्वराकडे बघा. व्यंजनान्त गावाला ‘कर’ तसाच लागतो: मालवणकर, मिरजकर, कुडाळकर. ईकारान्त गावाचेही तसेच: वाईकर. एकारान्तही तसेच राहते: परुळे-परुळेकर, पेडणे-पेडणेकर. घोळ होतो तो आकारान्त गावांचा. कधी शेवटचा ‘आ’ गळतो, जसे सातारा-सातारकर, शिरोडा-शिरोडकर. कधी त्याचा ‘ए’ होतो, जसे बांदा-बांदेकर, आचरा-आचरेकर, येवला-येवलेकर. तेव्हा आडनाव ‘-ेकर’ने संपत असेल तर एकारान्त आणि आकारान्त अशी दोन्ही गावे शोधायची. ‘कर’च्या आधी व्यंजन असेल तर ते गाव आणि त्याला ‘आ’ जोडून होणारे गाव, अशी दोन्ही. जोडनावाच्या गावांत एक तुकडा गळलेलाही चालतो: अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) नगरकर, दिवेआगरचा दिवेकर.

संभाव्य नावे हातात आली की जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतली गावयादी उघडा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे. तोच वहीत लिहा, कारण नावाने गाव ओळखणे धोक्याचे आहे. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव ही नावे ढिगाने आहेत. बुद्रुक (फारसी बुजुर्ग, थोरले) आणि खुर्द (धाकटे) अशी जोडगावेही आडनावात एकच होऊन जातात. एका नावाची पाच गावे सापडली तर निवड कुलदैवतावर आणि जमिनीवर करा, अंतरावर नाही. गाव यादीतच नसेल तर दोन शक्यता तपासा: महसुली भाषेत ‘बेचिराख’ म्हणून नोंदलेले ओसाड गाव, किंवा कोयना, उजनी, जायकवाडीसारख्या धरणात गेलेले गाव. बेचिराख गावाची जमीन शेजारच्या गावातले लोक कसत असतात, त्यामुळे गावाचे नाव नकाशावर सहज दिसले नाही तरी कागदात जिवंत राहते.

आडनाव सारखे म्हणून घराणे एक, हे इथे सगळ्यांत कमी खरे. दांडा म्हणजे किनाऱ्यावरची पट्टी. दांडेकर आडनाव चित्पावनांत आहे, बेने इस्राएलांतही आहे. कोकणातल्या या मराठीभाषक ज्यूंची आडनावे तर ‘-कर’चा नमुनाच म्हणावीत: नवगावकर, किहीमचे केहिमकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर. यातली पहिली तिन्ही गावे अलिबाग तालुक्यात आहेत. त्यातली बरीच घरे इस्राएलमध्ये गेली, पण अलिबागच्या गावांची नावे आडनावात राहिली.

काही ‘कर’ मात्र गावाचे नाहीतच. भास्कर, प्रभाकर, दिनकर ही संस्कृत नावे आडनाव झाली आहेत. ‘प्रभा’ नावाचे गाव शोधू नका. गडकरीतला प्रत्यय ‘-करी’ आहे, शेतकरी-वारकरीतला. गडावर चाकरी करणारा तो गडकरी. आणि काही ‘-कर’ आडनावे अलीकडची, समजून-उमजून घेतलेली आहेत. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतले ते विसाव्या शतकात.

वतन, हुद्दा आणि कुळ

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही वतने. ‘-नीस’ म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा: फडणीस, चिटणीस, जमेनीस, पारसनीस (फारसी लिहिणारा), वाकनीस (घडामोडींची नोंद ठेवणारा), सबनीस (हजेरीपट ठेवणारा). ‘-दार’ म्हणजे बाळगणारा: इनामदार, किल्लेदार, मुजुमदार. मोकाशी, डबीर, राऊत, पागे यांचे अर्थ आजच्या शब्दकोशात धड मिळत नाहीत. त्यासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात.

या गटात शोधायचे असते ते हुद्द्याच्या खालचे आडनाव. नाना फडणीसांचे घराणे भानू. फडणिशी आजोबांपासून घरात आली आणि आडनाव होऊन बसली. सही मात्र ‘बाळाजी जनार्दन’. वतनदार घराण्यांसाठी उत्तम खाण म्हणजे इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या कायद्यानंतर इनामे तपासली गेली तेव्हा घराण्यांनी वंशावळी आणि वतन कसे मिळाले याच्या कैफियती दाखल केल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराशेजारी हे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत. रुमाल प्रांत आणि परगण्याप्रमाणे मागावा लागतो, म्हणून गावाचा जुना परगणा आधी शोधून जा. कैफियत वाचताना एवढे ध्यानात ठेवा की ती इनाम वाचवण्यासाठी लिहिलेली आहे. वतन जितके जुने तितके बरे, असा प्रत्येकाचा प्रयत्न असे.

जाधव-यादव, मोरे-मौर्य, कदम-कदंब, शेलार-शिलाहार, साळुंखे-चालुक्य या जोड्या ध्वनीच्या अंगाने पटण्याजोग्या आहेत. य चा ज होणे प्राकृतात नेहमीचेच. पण शब्दाची वंशावळ आणि माणसांची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत. चाकरी, गाव किंवा धन्याचे नाव यांमुळे आडनाव एका घरातून दुसऱ्याकडे जात असे. आडनावावरून जात ठरवणे किंवा जातीवरून आडनावाचे मूळ ठरवणे, दोन्ही चूक.

अंग, प्राणी, खाणेपिणे यांवरून पडलेली आडनावे (बोडके, एकबोटे, कोल्हे, तुपे, दहिभाते, पाचपुते, अष्टपुत्रे) गमतीची असतात, पण त्यांच्यामागची घटना कागदावर सहसा मिळत नाही. इथे शब्दार्थ लिहावा आणि पुढे जावे. गाय सोडवण्यासाठी कवाड उघडले म्हणून गायकवाड, अशा कथा ‘घराण्यात सांगतात’ या सदराखाली ठेवा.

महाराष्ट्राच्या कडेच्या मुलखात आधी भाषा ओळखा. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेडकडच्या मुनगंटीवार, वडेट्टीवार अशा आडनावांतला ‘-वार’ तेलुगूच्या आदरार्थी ‘वारु’शी जोडलेला आहे. त्याला वार-तिथी किंवा तलवारीचा वार लावणे म्हणजे कोट्या करणे झाले. सोलापूरच्या पद्मशाली घरांची आडनावे ही तेलुगू ‘इंटि पेरु’, घराची नावे. मराठी कोशात ती शोधून उपयोग नाही. बेळगाव-सांगलीकडे उळ्ळागड्डी आडनाव भेटले तर ते कन्नडमधला कांदा आहे.

कागदाबाहेरच्या वाटा

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. नाशिककडे त्यांना नामावळी म्हणतात. आधी आपल्या गावाचे उपाध्याय कोण हे विचारा, मग आडनाव, गाव, तालुका आणि जात सांगा. सध्याच्या शहराचे नाव सांगून काही मिळत नाही, पणजोबांचे गाव लागते. पानाचा फोटो घेताना वरखालच्या दोन नोंदीही घ्या. भावकीतले लोक एकत्र यात्रेला गेलेले असतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची वंशावळ सांगत येतात. त्यांच्या सांगण्यात ‘मूळ गाव’ असते आणि तेच तुमच्या कामाचे. सुगीनंतरच्या फेरीत ते येतात, तेव्हा गावातल्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवा आणि सगळे ध्वनिमुद्रित करा.

गोव्याचे मूळ असेल तर कुलदेवतेचे आजचे ठिकाण हे मूळ गाव समजू नका. सोळाव्या शतकात देवळे हलली. मंगेशाचे स्थान १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देवळाच्या महाजनांची यादी आणि गावकारीतले (गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेतले) वांगड, म्हणजे कुळगट, यांवरून मूळ गाव लागते. पोर्तुगीज कागदांत शेणवीचे ‘सिनाय’, प्रभूचे ‘पोरोब’, कामतचे ‘कामोतिम’ झालेले असते, आणि ‘श’ उच्चारासाठी ‘एक्स’ हे अक्षर येते. शिरोडकर शोधायचे तर यादीत ‘एक्स’खाली पाहा. ख्रिस्ती घराण्यांची फर्नांडिस, डिसोझा ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळची. त्यांचा अर्थ पोर्तुगालकडे नेतो, घराणे नाही.

पडताळा

हाती आलेली वंशावळ मोजून पाहा. एका पिढीला २५ ते ३० वर्षे धरा. १७०० पासून २००० पर्यंत १० ते १२ पिढ्या येतात. देवगिरीचे यादव राज्य १३१७-१८ च्या सुमारास संपले, म्हणजे आजपर्यंत सुमारे ७०० वर्षे, २३ ते २८ पिढ्या. वंशावळीत ११ नावे लिहून वर थेट रामदेवराव बसवला असेल, तर मधली बारा-पंधरा नावे कुठे गेली हे विचारायला हवे.

शेवटी एका पानावर निष्कर्ष उतरवा. डावीकडे विधान, उजवीकडे आधार: कोणता नमुना, कोणते गाव, कोणता सन, पान क्रमांक, कोणी सांगितले. कागदाने सिद्ध झालेले, घरात सांगितले जाणारे आणि शब्दावरून ताडलेले, या तीन गोष्टी तीन रंगांच्या शाईत लिहा. आजी-पणजीच्या माहेरच्या आडनावांसाठी रकाना ठेवायला विसरू नका. लग्नात नाव बदलले तरी जुन्या मृत्युनोंदींत आणि वारसफेरफारांत त्यांचा पत्ता कधीकधी लागतो, आणि भावकीत मिळाले नाही ते मूळ गावाचे नाव मामाच्या घरातल्या जुन्या पत्रिकेवर छापलेले सापडते.